देवरे सरांची शेंडी

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी वाचकांची क्षमा मागते. माझी छत्तीस वर्षे इंग्रजी शिकवण्यात गेली. म्हणजे इतरांच्या वाक्यांखाली लाल शाईने रेघा ओढण्यात गेली. स्वतःचे वाक्य लिहिण्याची वेळ फारशी आली नाही, आणि आली तेव्हा मी ती टाळली. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांच्याशी माझा संबंधही एका शाळेतल्या दोन शिक्षकांचा असतो तेवढाच. त्यांच्या घरी मी फार तर तीनदा गेले असेन. त्यांचे बालपण, त्यांचे शिक्षण, घरातली सुखदुःखे यांपैकी मला काही सांगता येणार नाही. मला ठाऊक आहे ते एवढेच, की एका कागदाच्या तळाशी त्यांचे नाव आणि तारीख मी लिहिली, आणि त्या एका ओळीपायी त्यांची सात वर्षे गेली. ते सांगण्याचे काम माझ्याकडेच येते, म्हणून हा खटाटोप.

त्यांचे नाव लोटन भिका देवरे. साक्री तालुक्यातील आमच्या शाळेत ते क्रीडाशिक्षक होते. पूर्ण नाव ते सहसा सांगत नसत. हजेरीपटावर ‘लो. भि. देवरे’ एवढीच सही. बुटका बांधा, रुंद पंजे, आणि नखांच्या कडांत कायमची बसलेली, मैदान आखायची पांढरी फक्की. सदऱ्याच्या डाव्या खिशात पेन असे, उजव्या खिशात सुतळीचा गुंडा. माझ्याशी ते शाळेची मराठी बोलत. मन हलले की मात्र अहिराणी आपोआप वर येई.

रेषेवर ते पाय देत नसत. मैदानावरच्या तर नाहीच, पण शिक्षकांच्या खोलीतल्या फरशीच्या सांध्यांवरसुद्धा नाही. मी शाळेत नवी असताना एकदा तासाला उशीर झाला म्हणून मैदानातून तिरपी धावत गेले. वर्गाच्या दारातून मागे पाहिले, तर सर तळाला भोके पाडलेला फक्कीचा डबा घेऊन माझ्या चपलांनी पुसलेली रेघ पुन्हा ओढत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी त्या मैदानाला वळसा घालूनच गेले.

‘कोपरा सापडला की मैदान सापडतं,’ हे त्यांचे आवडते वाक्य. कोपरा काढण्याची त्यांची रीत ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. त्यांच्या सुतळीला तीन, चार आणि पाच हातांच्या अंतराने गाठी मारलेल्या असत. तीन मुलांना तीन गाठी धरायला लावून ते म्हणत, ‘ताणा.’ सुतळी ताणली की काटकोन तयार. एका वर्षी गणिताच्या सरांनी नववीला पायथागोरसचा सिद्धांत शिकवायला घेतला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हे आम्हाला येतं. देवरे सरांच्या सुतळीत आहे.’ वर्ग हसला. गणिताचे सर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, ‘आता बीजगणितही मैदानातच घ्या देवरे, आम्ही शिट्टी वाजवतो.’ देवरे सरांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, ‘शिट्टी सोपी नसते सर. वेळेवर वाजवावी लागते.’

शाळेत त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी एकूण अशीच होती. कोणी रजेवर असले की त्याचा तास देवरे सरांकडे. मंडप, माईक, रांगा देवरे सरांकडे. विद्वत्ता तेवढी इतरांकडे.

आता त्या वस्तूकडे येते.

मैदानाच्या कोपऱ्यांवर पूर्वी लोखंडी खिळे ठोकलेले असत. पावसात फक्की वाहून गेली तरी खिळा सापडला की आखणी पुन्हा करता येई. एका सरावात सातवीतली सुनंदा नावाची मुलगी खो-खो खेळताना भरधाव त्या खिळ्यावर गेली. तळपाय फाटला. सरांनी तिला उचलून दवाखान्यात नेले, टाके पडेपर्यंत तिचे डोके आपल्या मांडीवर धरून बसले, आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन मैदानातले सगळे खिळे एकट्याने उपटून काढले. ते वर्षभर आमच्या मैदानाला कोपरे नव्हते.

त्या वर्षात त्यांनी एक खूण शोधून काढली. वीतभर लांबीची नळी जमिनीत पुरायची आणि तिच्या तोंडातून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचा झुबका गवताएवढा वर ठेवायचा. पाय पडला तर झुबका वाकतो, पाय उचलला की उभा राहतो. मुलांनी तिला पहिल्याच दिवशी नाव दिले, शेंडी. पण खरी अडचण मातीची होती. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि पोटात पुरलेली वस्तू वर्षभरात बाहेर ओकते. धुळ्याला टायर-ट्यूबची कामे करणारे रशीदभाई त्यांना नळ्या आणि पट्ट्या कापून देत. ते म्हणायचे, ‘सर, ये मिट्टी नहीं, बैल है. खुंटा उखाडेगीच.’ सर दर रविवारी धुळ्याला जात आणि सोमवारी नवी नळी पुरत. शेवटी त्यांनी नळीच्या तळाशी एक आडवा बोल्ट घातला आणि भोवती ओंजळभर वाळू भरली. माती हलली की वाळू सरकते, नळी जागची हलत नाही. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे ती शेंडी एक बोटही सरकली नाही.

शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी मैदान पाहून विचारले, ‘ही कल्पना कोणाची?’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘आमच्या शाळेची.’ सर चार पावलांवर उभे होते, हाताला फक्की. साहेब पुढे गेले. मी त्या वेळी सरांकडे पाहिले, पाहायला नको होते. माणूस आपल्या चेहऱ्यावरचे भाव किती निगुतीने घडी घालून ठेवू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे तालुक्यातील क्रीडाशिक्षकांचे शिबिर आमच्या शाळेत भरले. सरांना शेंडीची कृती सगळ्यांना द्यायची होती. त्यांनी वहीच्या पानावर आकृती काढली, खाली पाच-सहा वाक्ये लिहिली आणि ते पान माझ्याकडे आणले. ‘बाई, भाषा तेवढी सरळ करून द्या.’ मी केली. शेवटचे वाक्य त्यांनी तोंडी सांगितले: ‘ही खूण कोणीही करावी, विचारायची गरज नाही.’ ते मी जसेच्या तसे उतरवले. मग माझी सवय आड आली. कागद म्हटला की त्यावर लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख हवी, असे मी मुलांना जन्मभर सांगत आले होते.

‘नाव कसाले, बाई?’ सर संकोचून म्हणाले.

‘नाव नसलं तर कागद कोणाचा ते कसं कळणार? आणि पूर्ण नाव लिहिते, आद्याक्षरं नाही.’

मी तळाशी सुवाच्य अक्षरात लिहिले: लोटन भिका देवरे, क्रीडाशिक्षक. आणि त्या दिवसाची तारीख. झेरॉक्स काढल्या. शिबिरात त्या वाटल्या गेल्या आणि संपल्या.

चार वर्षे गेली. सर निवृत्तीला आले होते, मी निवृत्त होऊन माहेरगावी, जळगावला, राहायला आले होते. एके दिवशी ते अचानक माझ्या दारात उभे राहिले. हातात प्लास्टिकचे रंगीत पाकीट, धुळ्याच्या क्रीडासाहित्याच्या दुकानातून घेतलेले. आत शेंडी. पट्ट्या प्लास्टिकच्या, नळी प्लास्टिकची. पण तळाशी तोच आडवा बोल्ट, आणि पाकिटावर वाळू भरण्याची सूचना. परराज्यातली कुठलीशी कंपनी होती. पाकिटावर तिचे नाव ठळक छापले होते.

‘हाई मनी शे, बाई,’ ते म्हणाले. ‘ही माझी आहे.’ दोन भाषांत एकच वाक्य.

आमचाच एक विद्यार्थी, नीलेश, जळगावात वकिली करतो. शाळेत असताना सरांच्या खो-खो संघात होता. त्याच्याकडे गेलो. त्याने मुंबईच्या एका जाणकार वकिलांच्या मदतीने पेटंटचा अर्ज तयार केला. विकण्याविषयी सर काहीच बोलले नाहीत. नीलेशने ‘काय हवंय तुम्हाला नेमकं?’ असे विचारले तेव्हा म्हणाले, ‘एक कागद. सरकारी. त्यावर लिहिलेलं असावं, की ही यांनी केली.’

अर्जावर कंपनीने हरकत घेतली. हरकतीसोबत पुरावा म्हणून एक जुनी झेरॉक्स जोडली होती. अक्षर माझे होते.

तो कागद कंपनीला कसा मिळाला, तेही पुढे कळले. शिबिराला आलेले एक शिक्षक नंतर सावद्याला राहायला गेले होते. त्यांच्याकडे कंपनीचा माणूस येऊन शेंडीविषयी सहज विचारून गेला. त्यांनी अभिमानाने कागद काढून दिला: ‘आमच्या देवरे सरांची आहे ही, बघा, नावसुद्धा आहे.’ त्यांचा काय दोष?

नीलेशने आम्हाला समजावून सांगितले. ‘सर, कायद्याला नवी वस्तू लागते. अर्ज करण्याआधी ती लोकांना सांगितली, की ती नवी उरत नाही. सांगणारा स्वतः शोधणारा असला तरी.’

‘म्हणजे शिकवायची नव्हती?’

‘आधी अर्ज, मग शिकवणं.’

‘मग शाळा उलटी चालते, नीलेश,’ सर म्हणाले.

अर्ज फेटाळला गेला. आम्ही अपील केले. पुढच्या वर्षांविषयी लिहावे असे फारसे काही नाही, कारण त्या वर्षांत फारसे काही घडले नाही. जे मंडळ अपिले ऐकत असे, तेच सरकारने बंद केले. सगळी प्रकरणे उच्च न्यायालयाकडे गेली. नवा क्रमांक मिळाला, नवी प्रतिज्ञापत्रे करावी लागली. सुनावणी संगणकावर दिसू लागली, तेव्हा तारखेच्या दिवशी सर पहाटेच्या एसटीने साक्रीहून निघत, धुळ्याला गाडी बदलत आणि नीलेशच्या कार्यालयात येऊन बसत. येताना माझ्यासाठी नागलीचे पापड. तुम्ही यायची गरज नाही, मी फोन करीन, असे नीलेश दर वेळी सांगे. ‘सामना असला की मैदानावर हजर राहावं लागतं,’ सर म्हणत.

पडद्यावर न्यायाधीश आले की ते उभे राहत.

‘सर, बसा. आपला कॅमेरा बंद आहे. त्यांना तुम्ही दिसत नाही.’

‘आपला बंद आहे. त्यांचा चालू आहे ना?’

मग तासन्‌तास आम्ही दुसऱ्यांची प्रकरणे ऐकत बसत असू. औषधांची, यंत्रांची, कसल्या कसल्या रसायनांची. मधेच सरांचा डोळा लागे, मान छातीवर येई. पण त्यांच्या प्रकरणाचा क्रमांक जवळ आला की ते दचकून जागे होत. बहुतेक वेळा क्रमांक येण्यापूर्वीच वेळ संपे आणि पुढची तारीख मिळे. एकदा जिना उतरताना ते थांबले, कठड्याला धरून म्हणाले, ‘खेळात निदान शिट्टी तरी वाजते, बाई. संपलं, असं कळतं.’ त्या दोन-तीन वर्षांत त्यांचे पाऊल जड झाले होते. पण कार्यालयाच्या फरशीचे सांधे ते अजून चुकवत होते.

शेवटच्या सुनावणीपूर्वी मुंबईच्या वकिलांनी एक मार्ग काढला. सगळे त्या कागदावर अडले आहे. तो कागद प्रत्यक्षात वाटला गेला होता का, हेच संदिग्ध करता आले तर? मसुदा शाळेत तयार झाला, एक-दोन प्रती इकडे तिकडे गेल्या असतील, वाटप झाल्याचे स्मरत नाही, असे प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्या व्यक्तीने द्यायचे. लिहिणारी व्यक्ती म्हणजे मी.

नीलेशने टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्याचीही नजर वर येत नव्हती. ‘खोटं असं नाही, बाई. फक्त आठवत नाही, एवढंच म्हणायचंय. इतक्या वर्षांनी कोणाला आठवतं?’

मी पेन उघडले, हे मला इथे कबूल केले पाहिजे. नाव आणि तारीख लिहून हे मीच ओढवले होते, तर ते निस्तरायलाही मीच हवे, असे काहीसे माझ्या मनात होते. सर समोर बसले होते. त्यांनी हात पुढे करून कागद आपल्याकडे ओढला आणि एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. इंग्रजी होती, अर्थ नीलेशने सांगितला.

‘बाई, तुम्हाला आठवतं का?’

‘आठवतं.’

‘मलाही.’ त्यांनी कागदाची घडी घातली. ‘दहिवेलचा शिक्षक होता, निजामपूरचा होता. पिंपळनेरच्या पाटील सरांनी तर दोन घेतल्या, एक फाटली तर असावी म्हणून. त्यांना आता काय सांगू? तुम्ही आलाच नव्हता शिबिराला? माझ्या हातून कागद घेतलाच नाही?’

‘सर, एवढ्याने आपण हरू,’ नीलेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. ‘सात वर्षं झाली. तुमचा तो एक कागद...’

‘बठ्ठा शिक्षकसले दिधी मी,’ सर म्हणाले. ‘मनवर दिधी. आते नही कशी म्हनू?’ सगळ्यांना दिली, मनापासून दिली. आता नाही कसे म्हणू.

मी पेन मिटले. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

अपील फेटाळले गेले. निकालाची प्रत आली त्या दिवशी सर जळगावला आले. रशीदभाईही बरोबर होते. धुळ्याच्या स्टँडवरून सरांनी त्यांना सोबत घेतले होते. नीलेशने थोडक्यात सांगितले. सर म्हणाले, ‘काय लिहिलंय ते बाईंना वाचू दे.’

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. निकालाच्या मध्यावर एक परिच्छेद होता. त्याचा अर्थ मी शक्य तितका शब्दशः देते: ‘ही रचना अपीलकर्ते लोटन भिका देवरे यांनी स्वतः, आपल्या नावानिशी व दिनांकानिशी, अर्जापूर्वी कित्येक वर्षे शिक्षकांसमोर खुली केली होती, हे उभयपक्षी निर्विवाद आहे.’

‘थांबा,’ सर म्हणाले. ‘निर्विवाद म्हणजे?’

‘म्हणजे त्याबद्दल कोणाचा वाद नाही.’

‘कंपनीनाबी नही?’

‘नाही. तो पुरावा त्यांनीच तर दिला.’

सर खुर्चीत पुढे सरकले. ‘पुन्हा वाचा. नावापासून.’

मी पुन्हा वाचले.

‘म्हंजे कोर्टमा लिखेल शे,’ ते सावकाश म्हणाले. ‘मीच दाखाडी.’ मीच दाखवली.

‘सर, पण आपण हरलो,’ नीलेश म्हणाला.

‘हारनू ना. हारनू मी. पन नाव लिखेल शे ना?’

मग रशीदभाईंनी विचारले, ‘सर, तो अब मैं बनाऊं के नको?’

नीलेशला हसू आले, फार दिवसांनी. ‘बनवा चाचा. आता ती कोणाचीच नाही. तुम्हीही बनवा, कंपनीही बनवेल. कोणीही करावी.’

‘विचारायची गरज नाही,’ सर म्हणाले. ते वाक्य माझे नव्हे, त्यांचेच. मी फक्त उतरवले होते.

त्यांनी त्या एका पानाची झेरॉक्स मागून घेतली. सबंध निकाल नको म्हणाले. पान घडी घालून सदऱ्याच्या उजव्या खिशात, सुतळीजवळ ठेवले. त्यांना खरेच समाधान झाले होते, की आम्हा दोघांचे चेहरे पाहून त्यांनी ते करून दाखवले, हे मी आजही सांगू शकत नाही. चेहऱ्याची घडी घालण्यात ते किती तरबेज होते हे मी आधीच लिहिले आहे. जिना उतरताना मात्र त्यांनी रशीदभाईंच्या खांद्याचा आधार घेतला.

मी त्यांना त्यानंतर एकदाच पाहिले. एका लग्नासाठी पिंपळनेरला चालले होते. वाटेत एका गावाशी एसटी प्रवासी घेण्यासाठी थांबली. रस्त्यालगतच शाळेचे मैदान होते, सुट्टीचा दिवस, मुले नव्हती. कोपऱ्यावर एक वृद्ध गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. पांढरा सदरा, शेजारी वाळूचे घमेले. कंपनीच्या रंगीत शेंड्या तिथे कोणीतरी घाईने पुरल्या असाव्यात. एक उपटून त्यांनी बाजूला ठेवली होती, बोल्ट बोटाने फिरवून आडवा केला, खड्ड्यात ओंजळभर वाळू घातली आणि शेंडी पुन्हा बसवली. मग तळवा तिच्यावरून फिरवला, ती वाकून परत उभी राहते का ते पाहायला.

हाक मारावी असे मनात आले. खिडकीची काच सरकेना, आणि माझा आवाज तसाही कधी मैदानापर्यंत पोहोचला नाही. कंडक्टरने बेल दिली. सर उठले, हात झटकले, आणि न दिसणारी एक रेघ ओलांडून दुसऱ्या कोपऱ्याकडे चालू लागले.

एवढेच मला ठाऊक होते. आता एक विचारते, आणि थांबते. तुम्ही ज्या शाळेच्या मैदानावर खेळलात, त्याचे कोपरे कोणी काढले होते, त्या माणसाचे पूर्ण नाव तुम्हाला सांगता येईल का?